पुढच्या बाकावरची अकरा मुलं

आमच्या शाळेची तपासणी सव्वा तासात उरकली. त्यातला अर्धा तास चहात गेला आणि वीस मिनिटं साहेबांचा मोबाइल चार्ज करायला चालू प्लग शोधण्यात. उरलेल्या वेळात साहेबांनी चार वर्ग, एकशे आठ मुलं, पाच शिक्षक आणि एका मुख्याध्यापिकेची एकतीस वर्षांची नोकरी एवढं सगळं पारखलं, आणि तीन आठवड्यांनी चौदा पानी अहवाल धाडला. शाळेला चौथी श्रेणी मिळाली. पाचवी श्रेणी अजून निघालेली नाही, नाहीतर साहेबांनी हात आखडता घेतला नसता.

चौथी श्रेणी म्हणजे काय, ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. वर्ष संपलं की शाळा बंद आणि मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत. तिथे एका वर्गात साठ मुलं बसतात, आणि शिक्षकांना सगळ्यांची नावं पाठ होईपर्यंत परीक्षा येते.

मी या शाळेचा कारकून. शिपाई रजेवर असला की घंटाही मीच देतो, आणि शिपाई बहुधा रजेवरच असतो. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. छोट्या बाई शाळेत कोणी नाहीत आणि कधी नव्हत्या. बाईंची उंची आमच्या चौथीतल्या मुलांपेक्षा दोन बोटं जास्त, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की खाली बघायचा धीर होत नाही. त्या अंबाड्यात पेन्सिल खोचतात आणि विसरतात. मग माझ्या टेबलाशी येऊन माझी मागतात. शाळा सुटेपर्यंत अंबाड्यात तीन पेन्सिली जमलेल्या असतात आणि माझा डबा रिकामा. दुकानाच्या पाटीवर चूक दिसली तर बाई आत जाऊन सांगतात. आमच्या रस्त्यावरच्या औषधवाल्याने त्यांच्या धाकाने पाटी दोनदा रंगवून घेतली. असा स्वभाव असलेल्या बाईला चौदा पानांचा चुकीचा अहवाल पाठवणं, यात साहेबांचं धाडस म्हणायचं की अज्ञान, ते तुम्हीच ठरवा.

आता चूक काय झाली ते सांगतो. इतर शाळांत तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना अचानक पोटदुखी होते. ती घरी राहतात. हुशार मुलं पुढच्या बाकावर येतात, मधली मधे बसतात, आणि साहेब पुढच्या चार मुलांना दोन प्रश्न विचारून समाधानाने मान हलवतात. ही रीत शाळांना माहीत, साहेबांना माहीत, मुलांनाही माहीत. सगळ्यांची सोय होते आणि कोणाचंच अडत नाही.

मोठ्या बाईंच्या शाळेत पुढचा बाक नेहमीच कच्च्या मुलांचा. जो मागे पडेल तो पुढे, असा त्यांचा नियम. दर शनिवारी त्या एका वहीत बघून चारही वर्गांतल्या जागा बदलायच्या. पण हे मुलांना सांगायचं नाही. मुलांना सांगायचं, पुढच्या बाकावरची मुलं बाईंच्या मदतीची. फळा पुसायचा, वह्या वाटायच्या, खडू आणायचे, ही सगळी मानाची कामं त्यांची. त्यामुळे पुढे बसायला मिळावं म्हणून हुशार मुलं रडायची. एका मुलीच्या वडिलांनी तर मला दोनदा गाठून विचारलं होतं की आमच्या पोरीचा नंबर पुढे कधी लागणार. मी म्हटलं, तिची काही लक्षणं दिसत नाहीत.

मी स्वतः याच शाळेत शिकलो. माझ्या मते बाईंनी ही पद्धत मी शाळा सोडल्यावर सुरू केली असणार, कारण माझ्या वेळी पुढच्या बाकावर हुशार मुलं बसत. पुरावा म्हणाल तर चारही वर्षं मी तिथेच होतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "बाई, उद्यापुरती मुलं इकडची तिकडे करू या का? परवा परत होती तशी."

"का? उद्या मुलं बदलणार आहेत का?" बाई म्हणाल्या आणि माझी पेन्सिल घेऊन गेल्या.

तपासणी साहेबांना आम्ही नंतर 'दोन मिनिटं' असं नाव ठेवलं, कारण प्रत्येक वर्गात शिरताना ते "फक्त दोन मिनिटं हं" म्हणायचे आणि दिलेला शब्द पाळायचे. तिसरीच्या वर्गात त्यांनी पुढच्या बाकावरच्या एका मुलीला उभं केलं आणि धडा वाचायला सांगितला. ही मुलगी शाळेत आली तेव्हा पुस्तक उलटं धरायची. आता ती ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द मनात जुळवून, मग मोठ्याने वाचायची. हळू, पण बरोबर. तिने पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याला ती थांबली. साहेबांनी घड्याळ बघितलं, हातातल्या कागदावर खूण केली आणि "बस खाली" म्हणाले. तिचा तिसरा शब्द तोंडातच राहिला. अशी चार वर्गांतून त्यांनी अकरा मुलांना उठवलं, आणि अकराच्या अकरा पुढच्या बाकांवरची.

बाई दाराशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो, आता बोलतील, मग बोलतील. त्या गप्प. मला इतका संताप आला की मी हातातला हजेरीपट खिडकीच्या कट्ट्यावर आपटला. ऑफिसात चहा घेताना त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, मागच्या मुलांनाही विचारा की."

"बाई," दोन मिनिटं हसून म्हणाले, "पंचवीस वर्षं तपासण्या करतोय. पुढे कोण बसवतात आणि मागे कोण, ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे."

ते गेल्यावर मी बाईंना विचारलं, की वर्गातच का नाही सांगितलं, ही कच्ची मुलं आहेत म्हणून. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत पहिलीत गेलो. "त्यांच्यासमोर?" त्या म्हणाल्या. 

अहवालात वाक्य होतं, 'शाळेतील निवडक हुशार विद्यार्थ्यांनाही सलग वाचता येत नाही, यावरून इतरांच्या स्थितीची कल्पना करता येते.' कल्पनाशक्ती साहेबांकडे भरपूर. बाईंनी पंधरा दिवसांच्या मुदतीत सहा पानी हरकत लिहिली, मी ती टाइप केली. हरकतीचा निर्णय करायला नेमले होते दोन मिनिटांचेच वरिष्ठ. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. त्यातली कामाची ओळ अशी, 'सदर अहवालाची पडताळणी केली असता तो अहवालातील नोंदींशी सुसंगत असल्याचे आढळून आले.' म्हणजे अहवाल अहवालासारखाच होता. हे मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा पाचही शिक्षक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कोर्टात जायचं."

बाई त्यांच्या धाकट्या बहिणीकडे राहतात, आणि बहिणीचा मुलगा वकील. त्याचं ऑफिस कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या माडीवर. तिथे बसलं की जिन्यातून गरम वाफ वर येते आणि फायलींचे कोपरे वळतात. तोवर त्याने भाडेकरू, सामाईक भिंती आणि शेजाऱ्याच्या अंगणात वाकलेली झाडं एवढीच प्रकरणं चालवली होती. शाळा म्हटल्यावर तो खूश झाला. वाकलेली झाडं बघून बघून कंटाळला असावा.

"मावशी, एक लक्षात घे," तो म्हणाला. "शाळा चांगली आहे की वाईट, हे कोर्ट बघत नाही. तपासणी नियमाने झाली की नाही, एवढंच बघतं."

"मग शाळा चांगली की वाईट ते कोण बघतं?"

"ते तपासणी साहेब."

"आणि साहेबांनी नीट नाही बघितलं तर?"

"तर कोर्ट बघतं, की त्यांनी नियमाने नाही बघितलं का."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, बघितली आणि परत खोचली. मला त्या दिवशी कायद्याबद्दल फार आदर वाटला. एवढं गोल फिरूनही चक्कर येऊ न देणं हे साधं काम नाही.

नियम मात्र आमच्या बाजूने होता. तपासणीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, की मुलं हजेरीपटावरून कोणताही क्रम न धरता निवडावीत. दोन मिनिटांनी प्रतिज्ञापत्रात ते अमान्य केलंच नाही. उलट लिहिलं, की शाळा पुढे हुशार मुलं बसवतात हे सर्वांना माहीत आहे, म्हणून पुढच्यांना विचारणं ही शाळेला दिलेली सवलतच होती. सरकारी वकील उभे राहून म्हणाले, "नियम मोडला असेल, पण तो यांच्या फायद्यासाठी मोडला. मग यांचं नुकसान काय झालं?" न्यायाधीशांनी आमच्या वकिलाकडे बघितलं. आमचा वकील म्हणाला, पुढे कच्ची मुलं बसतात. न्यायाधीश म्हणाले, बोलून काय होतं, दाखवा. तेव्हा त्याच्या तोंडून बाईंच्या जागा ठरवायच्या वहीचा विषय निघाला. पुढच्या तारखेला वही हजर करा, असा आदेश झाला.

कोर्टाबाहेरच्या पायऱ्यांवर भाचा नाचायचाच बाकी होता. "मावशी, संपलं! वही दिली की अहवाल गेला केराच्या टोपलीत."

"वही द्यायची नाही," बाई म्हणाल्या.

त्याला वाटलं, त्या थट्टा करतात. बाईंना आयुष्यात थट्टा जमलेली नाही.

"त्यात मुलांची नावं आहेत," त्या म्हणाल्या. "कोणाला काय येत नाही ते सगळं आहे."

"नावं खोडू."

"अहवालात वर्ग लिहिलाय, बाक लिहिलाय. पुढच्या बाकावर कोण बसतं हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. नाव खोडून काय लपणार?"

"बंद पाकिटात देऊ."

"पाकीट न्यायाधीश उघडणार, मग सरकारी वकील बघणार, मग ते निकालात येणार, आणि तुमचा निकाल लोक मोबाइलवर वाचणार. ती तिसरीतली पोरगी मदतनीस म्हणून मान वर करून बसते रे. उद्या तिला कळलं की तिथे का बसवलं, तर ती तोंड उघडेल का परत?"

"शाळाच बंद झाली तर कुठे बसणार ती?"

 बाई पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठेही टेकलेलं पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी भाच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला सगळ्या वह्या कपाटातून काढून त्यांच्या घरी पोचवायला सांगितलं. कोर्टाचा माणूस शोधायला आला तर शाळेत सापडायला नकोत, असा त्यांचा भाबडा बेत. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचा खालचा खण लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. मी लाथ मारली. एकतीस वह्या निघाल्या, पाठीवर वर्ष लिहिलेल्या. त्यात मी शाळेत होतो त्या चार वर्षांच्याही होत्या. पद्धत नंतरची असूनही त्या वर्षांच्या वह्या का असाव्यात, असा साधा प्रश्न मला पडला, आणि मी एक उघडली.

माझं नाव पहिल्याच पानावर होतं. खाली बाईंचं अक्षर. 'वाचताना ओळ सोडतो आणि उरलेलं मनाने सांगतो. गोष्ट छान सांगतो. अक्षराशी ओळख नाही. विचारलं की मोठ्याने हसतो, म्हणजे घाबरलेला असतो. घाई करू नये. पुढेच ठेवणे.' पुढच्या वर्षी परत, पुढेच ठेवणे. चौथ्या वर्षी, 'आता ओळ सुटत नाही. बोट ठेवतो. ठेवू द्यावं.'

घरी गेलो आणि आईला विचारलं, "मी शाळेत पुढच्या बाकावर का बसायचो?"

आई भाजी निवडत होती. "का म्हणजे? ढ होतास म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"मला कशाला कोणी सांगायला हवं? घरात एक पान वाचायला तुला संध्याकाळ लागायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढा ऐटीत जायचास रोज," आई म्हणाली. "कशाला बोलू?"

आमच्या सौभाग्यवती ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. लग्नानंतर सतरा वर्षं मी त्यांना पुढच्या बाकाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मला भयंकर लाज वाटली. मग तासाभराने एक गोष्ट डोक्यात आली, ती अशी की लाज सोसायला माझं वय आता पुरेसं झालंय. त्या मुलीचं झालेलं नाही.

मी भाच्याला फोन केला. आताच्या मुलांची वही नको, जुनी चालेल का? ज्याची नोंद त्यानेच येऊन सांगितली तर? तो इतक्या जोरात ओरडला की मी फोन कानापासून दूर धरला.

जुन्या वह्यांतले तीस जण मी गाठले. तेरा जण म्हणाले, आम्ही कधीच पुढे बसत नव्हतो, नाव चुकून आलं असेल. एक जण आता मोठा अधिकारी आहे. त्याने मला दारातूनच परतवलं आणि वर सांगितलं की आपण कधी शाळेतच गेलो नाही. बाकीच्यांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि अजून विचार करतायत. तयार झालो आम्ही तिघंच, एक दवाखान्यातली नर्स, एक बसड्रायव्हर आणि तिसरा मी. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला?" आम्ही त्यांचं ऐकलं नाही. त्यांचं न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ.

तारखेला कोर्टाची मागची बाकं आमच्या शाळेच्या पालकांनी भरली होती. सरकारी वकिलांना मजा वाटत होती. "म्हणजे शाळेचे कारकूनच वाचता न येणारे होते, असं म्हणायचंय का आपल्याला?"

"हो," मी म्हणालो. "चार वर्षं."

न्यायाधीशांनी वही मागवली, माझं पान बघितलं आणि माझ्याकडे परत दिली. "वाचून दाखवा," म्हणाले.

मी उभा राहिलो. समोर माझं नाव, मागे आख्खी गल्ली, त्यात तो पोरीचा नंबर कधी लागणार विचारणारा बापही. सवयीप्रमाणे हसू यायला लागलं. बोट आपोआप ओळीखाली गेलं. मी सगळं वाचलं, 'घाई करू नये' पर्यंत, आणि मग 'पुढेच ठेवणे'. कोणी घड्याळ बघितलं नाही. नंतर नर्सने तिचं वाचलं आणि ड्रायव्हरने त्याचं. ड्रायव्हरला थोडा जास्त वेळ लागला.

निकाल चोवीस पानांचा होता. तेवीस पानांत तपासणी खात्याचा मान राखला होता आणि एका पानात अहवाल रद्द केला होता. निवड नियमाने झाली नाही, त्यामुळे शाळेचं नुकसान झालं, नवं पथक नेमून नव्याने तपासणी करा. आताच्या मुलांच्या वह्या मागवायचं कारण नाही. आमचं प्रकरण सात महिन्यांत संपलं. हे मी वकिलांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे संशयाने बघतात.

नवं पथक आलं, तेव्हा वर्ष संपायला महिना होता. कोर्टाचा निकाल त्यांनी नीट वाचला होता, जरा जास्तच नीट. पुढच्या बाकाला हात लावला तर परत कोर्टात उभं राहावं लागेल, या भीतीने नव्या साहेबांनी पुढे बघायचंही टाळलं. चारही वर्गांत त्यांनी मागच्या तीन रांगांतली मुलं उठवली. ती खडखडीत वाचत गेली. साहेबांनी दोनदा शाबासकी दिली. दोन आठवड्यांत अहवाल आला, शाळेला पहिली श्रेणी. शाळा वाचली. ऑफिसात शिक्षक एकमेकांना टाळ्या देत होते, मी शिपायाला रजेवरून बोलावून चहा आणवला, आणि भाच्याने फोनवर स्वतःचंच अभिनंदन करून घेतलं.

बाईंनी अहवाल उभ्यानेच वाचला. मग माझ्या टेबलाशी आल्या. मी पेन्सिल पुढे केली. त्यांना पेन्सिल नको होती.

"कागद घ्या," त्या म्हणाल्या. "हरकत लिहायची आहे. पंधरा दिवसांची मुदत आहे."

"बाई, पहिली श्रेणी आहे!"

"मी बघितलं."

"मग हरकत कशावर?"

"मागच्या वेळी फक्त अकरा मुलांना विचारलं. या वेळी त्या अकरांना सोडून बाकीच्यांना. पुस्तिकेत काय लिहिलंय, तुम्हीच टाइप केलं होतं ना?"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाई, शाळा परत चौथीत जाईल, भाचा आजारी पडेल, मला घरात घेणार नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. बाई सगळ्यांचं ऐकून घेतात.

"ती तिसरीतली," त्या म्हणाल्या, "आता आख्खं पान वाचते. बोट न ठेवता. साहेब वर्गात होते तोवर तिचा हात वर होता. नऊ मिनिटं. शेवटी दुसऱ्या हाताने कोपर धरून ठेवला होता तिने."

 मी टाइपरायटरचं झाकण काढलं, कागद घातला, तारीख घातली. मग विचारलं, हरकतीचं कारण काय लिहू.

"एवढंच लिहा," बाई म्हणाल्या. "मुलीला वाचून दाखवायचं होतं."